जर्मनची भांडी भंगारात घालायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

मागच्या महिन्यात एका रविवारी नागपूरच्या महालात आत्याकडे जेवायला गेलो तर ओट्यावरचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, मोठा गंज (पातेलं) दिसेना. माझ्या लहानपणापासून त्या गंजात भात शिजला, काठाला एक पोचा पडलेला, बूड काळंभोर, गणपतीत गल्लीतले लोक मागून न्यायचे. विचारलं तर आत्या म्हणे, "भंगारवाल्याला दिला, दोन्ही कुकरही दिले. तुला मेसेज नाही आला का रे? विष राहते म्हणे त्यात." सगळं मिळून सहा किलो भरलं, आठशे रुपये आले आणि साडेसात हजारांचा पितळेचा नवाकोरा सेट घरात आला. दुकानदाराने सांगितलं होतं, आतून कल्हई-बिल्हई (कथलाचा मुलामा) काही लागत नाही, धुवा आणि वापरा.

त्या दिवशी त्याच पितळेच्या गंजात आत्याने गोळ्याची कढी केली होती, चांगली आंबट ताकाची, सकाळी दहाला केलेली आणि आम्ही पानावर बसलो दीड वाजता. पहिल्या घासालाच तुरट लागली, आणि गंजात वाकून पाहिलं तर कढी जिथपर्यंत होती तिथे कडेला हिरवट रेघ. मी म्हटलं कढी कळकली आहे, खाऊ नका, पण तोपर्यंत पोरांची वाटी संपली होती. तीन वाजता आत्याची सहा वर्षांची नात उलट्या करून करून निपचित पडली, मग आत्या स्वतः. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की कशात केलं होतं. सलाईन लावली, संध्याकाळी घरी सोडलं, पोरगी आता खेळून राहिली आहे. माझा राग मात्र अजून गेला नाही म्हणून हे लिहून राहिलो.

मी हिंगणा एमआयडीसीत एका अ‍ॅल्युमिनियम फाउंड्रीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली, रोज मेल्टचे, म्हणजे वितळलेल्या धातूचे, सॅम्पल काढून त्यात कोणता धातू किती ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रो मशीनवर लावणं हेच काम. त्यामुळे हा मेसेज मला दहा ठिकाणांहून आला तरी मी फक्त डिलीट करत राहिलो, आणि ती माझी चूक झाली, तेव्हाच आत्याला फोन करायला हवा होता.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजमध्ये आहे ते असं. इंग्रजांनी जेलमधल्या क्रांतिकारकांना हळूहळू मारायला जर्मनच्या भांड्यात जेवण दिलं. जर्मनच्या कुकरमध्ये अन्नातली ८७ टक्के पोषक तत्त्वं नष्ट होतात, पितळेत फक्त ७, काशात ३ आणि मातीच्या भांड्यात शून्य. जर्मनने अल्झायमर आणि कॅन्सर होतो. आजकालची सगळी भांडी रिसायकल केलेल्या कचऱ्याची असतात. म्हणून आजच सगळं भंगारात घाला आणि पितळ-तांबं आणा, आणि खाली सेटच्या ऑर्डरसाठी एक नंबर.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण आमच्या घरात सलाईन त्यानेच लागली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ त्याला लागला की तांबं सुटून अन्नात उतरतं, आणि जास्त तांबं पोटात गेलं की तासा-दोन तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि इथे तर आंबट ताक तासन् तास पितळेत बसलं होतं. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६ पेक्षा कमी असलेल्या पदार्थाला तांबं किंवा पितळ लागू द्यायचं नाही असा सरळ नियम आहे, आणि कढी त्या ६ च्या पुष्कळ खाली बसते. पण यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या भाषेत 'कळकणे' हा शब्दच या गोष्टीसाठी आहे! आज्यांना पीएच माहीत नव्हता पण ताक, चिंच, लिंबू, लोणचं पितळेत ठेवायचं नाही हे पक्कं माहीत होतं, आणि ज्या भांड्यात शिजवायचं त्याला दरवर्षी कल्हई व्हायची. मेसेज लिहिणाऱ्याने पूर्वजांचं नाव घेऊन पितळ विकलं आणि पूर्वजांची कल्हई तेवढी गाळली. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठेवून पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्यात लिंबू पिळून मुलांच्या दप्तरात देणारे पालक मी पाहिले आहेत, ते आजच्या आज बंद करा.

आता टक्क्यांकडे येतो, कारण लोकांचा विश्वास बसतो तो त्या आकड्यांवर. ८७ टक्के पोषक तत्त्वं म्हणजे नेमकी कोणती? डाळीतलं प्रोटीन, लोह, कॅल्शियम भांड्याच्या धातूने नष्ट होत नाही, लोह तर मूलद्रव्यच आहे, ते कुकरमध्ये जळून जाणार कुठे? कमी होतात ती क आणि काही ब जीवनसत्त्वं, आणि ती उष्णतेने, हवेने आणि ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात, मग भांडं सोन्याचं का असेना. कुकरमध्ये तापमान १२० डिग्रीच्या आसपास जातं हे खरं, पण वरण पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि पाणी आतच राहतं. मातीच्या मडक्यात तीच डाळ तासभर रटरटते. मडक्यात शून्य टक्के नुकसान होतं असं सांगणाऱ्याने डाळ शिजवलेली नाही. ज्या घरात बाई सकाळी सहाला दोन डबे भरून बुटीबोरीच्या बसला धावते, तिला 'तू कुकर वापरतेस म्हणजे घराला विष घालतेस' असं सांगणं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजांचं एका परिच्छेदात संपवतो. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीतच १८८६ साली सापडली, त्याआधी हा धातू फार महाग होता. आपल्याकडे याची भांडी करायला सुरुवात झाली १८९८ च्या सुमारास मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये, अल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्रोफेसराने, आणि ती धंदा म्हणून बाजारासाठी. पुढे इंग्लंडच्या स्वयंपाकघरांतही हीच भांडी वर्षानुवर्षं होती, म्हणजे विषच द्यायचं होतं तर ते त्यांनी आपल्या पोरांनाही दिलं असं म्हणावं लागेल. आपले क्रांतिकारक जेलमध्ये काय काय सोसून गेले त्याला पुरावे आहेत, त्यात बनावट गोष्ट घुसवणं हा त्यांचा अपमान आहे. (जर्मन हे नाव तांबं-निकेल-जस्ताच्या 'जर्मन सिल्व्हर'वरून चिकटलं असं सांगतात, त्याचा विषाशी संबंध नाही.)

अल्झायमरचं भूत आलं कुठून ते सांगतो, कारण त्याला थोडा आधार होता. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार थेट टोचले तेव्हा पेशींत गुंते दिसले. पुढे कळलं की ते गुंते माणसाच्या अल्झायमरमधल्या गुंत्यांसारखे नाहीत. मग सत्तरच्या दशकात डायलिसिसवरच्या पेशंटना मेंदूचा गंभीर आजार व्हायला लागला आणि त्यांच्या डायलिसिसच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सापडलं. हे शंभर टक्के खरं आहे. पण तिथे ते थेट रक्तात जात होतं आणि बाहेर टाकायला किडनी नव्हती. तोंडावाटे जे जातं त्यातलं एक टक्काही रक्तात शिरत नाही आणि जे शिरतं ते धडधाकट किडनी लघवीवाटे काढते. अ‍ॅसिडिटीसाठी आपण जे गुलाबी-पांढरं औषध पितो त्यात चमच्या-दोन चमच्यांत काहीशे मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, बाटलीवर लिहिलेलं आहे, वाचा. भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे इतक्या वर्षांत सिद्ध झालेलं नाही. घरात किडनीचा पेशंट असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, तिथे जपायलाच हवं. कॅन्सरच्या ओळीला मेसेजमध्ये काहीच आधार दिलेला नाही, म्हणून मीही तिथे थांबत नाही.

राहिला रिसायकलचा मुद्दा, आणि इथे मनात नसताना मला थोडं मान्य करावं लागतं.

रिसायकल अ‍ॅल्युमिनियम म्हणजे कचरा हे साफ चूक. बॉक्साइटपासून नवीन धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या साधारण ५ टक्क्यांत भंगार वितळून तोच धातू परत मिळतो, माझ्या फाउंड्रीचं पोट यावरच चालतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण कोणतं भंगार वितळवलं यावर सगळं आहे. चांगलं भांडं होतं शुद्ध पत्र्याच्या सर्कलपासून, गोल कापलेली चकती प्रेसवर दाबून किंवा लेथवर फिरवून. आणि दुसरीकडे इंजिनचे पार्ट, जुने रेडिएटर, वायरी, रंग लागलेले तुकडे सगळं एका भट्टीत टाकून ओतलेल्या कढया असतात, ज्यावर ना मार्क ना नाव. त्या मेल्टमध्ये शिसं आलं तर ते निघत नाही. मॅग्नेशियमसारखं हलकं काही असेल तर फ्लक्स (सफाईची पूड) टाकून ड्रॉसबरोबर, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीबरोबर, काढता येतं, शिसं मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या आधी ऑक्सिडाइज होत नाही, त्यामुळे ते गुपचूप धातूतच राहतं. आमच्याकडे स्पेक्ट्रोवर शिसं वर आलं की ती हीट, म्हणजे वितळलेला तो आख्खा लॉट, बाजूला काढतात, ज्याच्याकडे स्पेक्ट्रोच नाही तो काय बाजूला काढणार?

यावर एक पेपर मी सगळ्यांना दाखवत असतो, २०१७ चा, 'सायन्स ऑफ द टोटल एन्व्हायर्नमेंट'मध्ये आलेला. दहा विकसनशील देशांतली ४२ अ‍ॅल्युमिनियमची भांडी आणली, त्यात पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दोन तास उकळलं आणि काय उतरतं ते मोजलं. १५ भांड्यांमधून वाटीभरामागे १ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं उतरलं, आणि बहुतेकांमधून अ‍ॅल्युमिनियमही रोजच्या मर्यादेच्या वर. ती मर्यादा २०११ पासून वजनाच्या किलोमागे आठवड्याला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला आठवड्याचे १२०, रोजचे साधारण १७. तर होय, टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, कढी जर्मनमध्ये तासभर उकळू नका आणि त्यातच झाकून ठेवू नका. पाण्यात भात शिजवणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे आम्ल नाही आणि धातूवरचा ऑक्साइडचा थर टिकून राहतो, म्हणून तर भांडं काळपट दिसतं. ते काळपट आतून तारेने घासून चकचकीत करायची सवय मात्र सोडा. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांड्यात हाच थर मुद्दाम जाड केलेला असतो, तो जास्त टिकतो.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) शिसं उतरणाऱ्या, बाहेरच्या देशांतून येणाऱ्या भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियम (त्याचाच एक मिश्रधातू) तर होतंच, पण त्याच ओळीत पितळही होतं. मेसेजवाल्यांनी हा इशारा अर्धाच शेअर केला, पितळ कापून.

म्हणजे बघायचं काय, तर धातूचं नाव बघून घाबरू नका, मार्क बघा. कुकरवर आयएसआय आणि आयएस २३४७. भांड्यांसाठीही केंद्राने १४ मार्च २०२४ ला स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमला आयएसआय मार्क सक्तीचा करणारा आदेश काढला, अ‍ॅल्युमिनियमचं मानक आयएस १६६०. इतवारीत भांडं घेताना उलटं करून बुडाशी शिक्का शोधा, नसेल तर ठेवून द्या, दुकानदार नाराज झाला तरी चालेल. जड ओतीव कढई, खडबडीत, किलोवर विकलेली आणि बिनाशिक्क्याची, ती घेऊच नका. आणि आंबटाला स्टील. देशभरात नावाजलेलं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आपल्या वाडीला अमरावती रोडवर उभं आहे, आणि त्याच शहरातले लोक ऑर्डरचा नंबर दिलेल्या मेसेजवरून स्वयंपाकघर रिकामं करून राहिले, हे मला सहन होत नाही.

आत्याचा पितळेचा गंज मी कल्हईवाल्याकडे घेऊन गेलो, दोन दिवस शोधल्यावर एक म्हातारे चाचा सापडले. त्यांनी गंज विस्तवावर तापवला, नवसागराची पूड टाकली तसा पांढरा धूर भसकन डोळ्यांत गेला, मग कथलाची कांडी घासून कापसाने एक फेरा मारला आणि पिवळा गंज आतून पांढराशुभ्र. मी विचारलं कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, तर त्यांनी कांडीच हातात दिली.

तिथूनच भंगारवाल्याकडे गेलो, म्हटलं जुना गंज मिळाला तर परत आणू, पोचा असला तरी शुद्ध पत्र्याचा होता. त्याने सांगितलं, तो तर त्याच आठवड्यात पुढे गेला, दाबून गठ्ठा करून, दोन रेडिएटर आणि कुकरच्या झाकणांसोबत. कोणत्या भट्टीत, ते त्यालाही माहीत नव्हतं.