फायर अलार्मचं पॅनल थेट अग्निशमन दलाला का जोडलं नाही? रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय, की पॅनलचे पैसे घेतले, पण आग लागली तर बिल्डिंगमध्ये नुसता भोंगा वाजणार, अग्निशमन दलाला पत्ताच लागणार नाही. बॉस्टनला तुमच्या मुलाच्या बिल्डिंगचं पॅनल थेट शहराच्या यंत्रणेला जोडलंय, मग सांगलीत का नाही, असंही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. 'काम अर्धवट टाकलं' हे मात्र मान्य नाही.

मुलगा सांगतो त्यात खोटं काही नाही. बॉस्टनने 1852 मध्येच तारायंत्रावर चालणारी आगीची वर्दी देण्याची यंत्रणा सुरू केली आणि रस्त्यांवर पेट्या बसवल्या. पुढे इमारतींसाठी 'मास्टर बॉक्स' आले. पॅनलला आग समजली की ते पेटी चालू करतं, पेटी आपला नंबर ठोक्यांनी पाठवते आणि नंबरावरून ठिकाण कळतं. पण तिथे तारांचं जाळं शहराचं आणि वर्दी घेणारी माणसंही शहराचीच. आमच्यासारख्याचं काम पॅनलपासून पेटीपर्यंत.

तुमच्या पॅनलातही तेवढी तयारी आहे. दार उघडून बघा, खाली 'फायर' रिलेच्या (आग समजली की बाहेर सिग्नल देणारा स्विच) टर्मिनलला लाल वायरची जोडी टेप गुंडाळून मोकळी ठेवलीय. महापालिकेने सिग्नल कुठे आणि कसा द्यायचा ते लेखी कळवलं, की जोडायला वेळ लागत नाही. कोटेशनमध्ये ही अट आहे आणि त्यावर असोसिएशनची सही आहे.

'मग डायलरमध्ये 101 टाका' असं मीटिंगमध्ये सुचवलं गेलं. आम्ही तेव्हा नाही म्हटलं, आजही नाहीच म्हणू. डायलर म्हणजे पॅनलला आग समजली की आपोआप फोन लावून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणारा डबा. पलीकडून 'कितवा मजला? कोणी अडकलंय का?' असं विचारलं तर तो काय सांगणार?

त्यात तुमच्या तळमजल्यावर हळदीचं गोदाम. पोती उतरायला लागली की पिवळी धूळ जिन्यापर्यंत चढते, कठड्यावर बोट फिरवलं तर रंगतं. धुराच्या डिटेक्टरमध्ये उजेडाची बारीक तिरीप असते. तिच्यात कण आले की तो वाजतो, मग ते धुराचे असोत की हळदीचे. म्हणून गोदामात उष्णतेवर चालणारे डिटेक्टर दिले. जिन्यात धुराचाच लागतो, आणि तो हंगामात वाजतो हे तुम्ही स्वतःच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय. अशा वेळी बंब मार्केट यार्डात येऊन उभा राहिला आणि तेवढ्यात दुसरीकडे खरंच काही पेटलं तर? (जिन्यातला डिटेक्टर महिन्याला साफ करा असं सांगितलंय. बाहेरून फडकं मारणं म्हणजे साफ करणं नव्हे.)

सध्या डायलरचा फोन वॉचमन, सेक्रेटरी आणि आमच्या सर्व्हिसच्या मुलाला जातो. वॉचमनने वर जाऊन बघायचं, आग दिसली की स्वतः 101 लावून मजला आणि गाडी आत घ्यायचं गेट सांगायचं. ज्वाळा किंवा दाट धूर खालूनच दिसत असेल तर वर न जाता आधी फोन. पण तुमचा जुना वॉचमन काम सोडून गेलाय आणि नव्याचा नंबर आमच्याकडे आलेला नाही. खरी अडचण आज ही आहे, आणि तिचा रिव्ह्यूत उल्लेख नाही.

महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. असोसिएशनच्या लेटरहेडवर घेऊन सही करा, अर्ज द्यायला मी सोबत येतो. जुलैच्या 'फॉर्म बी'च्या (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) तपासणीला माणूस येईल तेव्हा जिन्यातला डिटेक्टरही उघडून बघेल. वॉचमनचा नंबर मात्र आजच पाठवा.