वय नव्हे, पहिलं साधन

"व्हिडिओ हे तरुणांचं काम" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. हात सर्वात आधी कोणत्या साधनावर बसला, यावर माणसाची दृष्टी घडते. वयाचा संबंध तेवढ्यापुरताच.

१६ मिमी फिल्मचा १०० फुटी रोल सेकंदाला २४ फ्रेमने पावणेतीन मिनिटांत संपायचा. साहजिकच बटण दाबण्याआधी शॉट डोक्यात पक्का असायचा. पुढे व्हिडिओ टेपवर दोन डेक (टेप वाजवणारी-रेकॉर्ड करणारी यंत्रं) लावून एडिटिंग होई. त्यात मधलाच एक शॉट लांबवायचा ठरला, तर त्यापुढचं सगळं पुन्हा जोडा, नाहीतर कॉपीवरून कॉपी काढा आणि चित्र आणखी खराब करून घ्या. म्हणून फिल्म-टेपवर शिकलेली मंडळी आजही क्रम आधी कागदावर लिहितात आणि शॉटच्या मागेपुढे पाच-पाच सेकंद जादा घेतात. फार मोलाची सवय आहे ही.

पण हीच मंडळी मोबाईलच्या उभ्या फ्रेममध्ये अडखळतात. सुरुवातीला नाव, मग लांबून इमारत, मग माणूस. तोवर बघणारा पुढे सरकलेला असतो. अक्षरं अगदी तळाशी टाकतात, तिथे ॲपची बटणं येतात. फोनवर वाढलेल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. पहिल्याच फ्रेममध्ये कृती, बोलण्यातले रिकामे श्वास कापलेले, आवाज बंद असला तरी कळेल असा मजकूर.

त्यांचं घोडं अडतं ते ऑटो मोडवर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासामुळे. बरेच फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा वेग, स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की तो घसरतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल, तर एडिटिंगच्या टाइमलाइनवर ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात. एडिटच्या आधी फाईल 'हँडब्रेक' या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट'ला काढून घ्या. दिव्याखाली पट्टे सरकताना दिसले, तर शटरचा वेग (सेकंदाचा कितवा भाग) बघा: वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. चेहरा हलताच उजेड कमीजास्त होत असेल, तर स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा.

आणि आवाज! कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर, रेकॉर्डिंगच्या पातळीची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. फाटलेला आवाज कुठलंही ॲप पूर्ण सांधत नाही. शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद घ्या. कापलेल्या जागा त्यानेच भरतात.

दोन्ही पिढ्यांनी एकमेकींचा अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं. तरुणांनी एक मिनिटाची गोष्ट दहा शॉटमध्ये, क्रमानेच, एकही शॉट न पुसता आणि एडिट न करता शूट करावी. ज्येष्ठांनी आपला तीन मिनिटांचा जुना व्हिडिओ ४० सेकंदांच्या उभ्या फ्रेममध्ये बसवावा आणि आवाज बंद करून अनोळखी माणसाला दाखवावा. काय चाललंय हे त्याला पाच सेकंदांत सांगता आलं नाही, तर पहिला शॉट बदलावा.