पावडर तीच, मग धातूही तोच?

आमच्या अंधेरी एमआयडीसीतल्या गाळेवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'मेटल थ्रीडी प्रिंटिंग आलं, भट्टी गेली. स्क्रॅप वाचला. पावडर तीच तर धातू तोच. लेझर टिचभर जागा वितळवतो, बाकी जॉब गारच राहतो. प्लेटवरून कापा नि थेट बसवा.' तिघांनी मलाच पाठवून 'खरं का?' विचारलं, म्हणून एकदाच लिहितो.

या मशीनमध्ये प्लेटवर धातूच्या पावडरचा पातळ थर पसरतात, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, आणि असे थरावर थर चढत जॉब, म्हणजे हवा तो भाग, तयार होतो. स्क्रॅप वाचतो, हे खरं. पुढचं एकेक बघू.

'पावडर तीच तर धातू तोच.' घरचं तूप आठवा. कढवून निवांत निवू दिलं की रवाळ होतं, तेच फ्रीजमध्ये ढकललं की गुळगुळीत गोळा. ग्रेड ५ टायटॅनियमचंही (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेलं) तसंच. लेझरखाली वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने निवतो. अणूंना हलायला सवडच मिळत नाही आणि आत मार्टेन्साइटच्या, म्हणजे झटक्यात निवल्यावर होणाऱ्या कडक रचनेच्या, बारीक सुया भरतात. ताकद भरपूर, पण ताणलं की फारसं न लांबता तुटतं. त्याच रसायनाची पावडर (दाणा जरा जाड) इलेक्ट्रॉन बीमच्या मशीनमध्ये घाला. तिथे पावडरचा बेडच ७०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्यामुळे सुया टिकत नाहीत, अल्फा-बीटाच्या, म्हणजे टायटॅनियमच्या दोन स्फटिकरूपांच्या, पट्ट्या बनतात.

'बाकी जॉब गारच राहतो.' ही तर थापच. एक थर ३० ते ६० मायक्रॉनचा. वरचा थर वितळवताना लेझर खालचे एक-दोन थर पुन्हा वितळवतो आणि त्याखालचे तापवतो. एकच जागा अशी कितीदा तरी तापते नि निवते. उष्णता मुख्यतः खाली प्लेटकडे जाते, म्हणून धातूचे कण (पावडरचे दाणे नव्हे, निवताना बनणारे स्फटिक) तिच्या उलट, खालून वर, खांबासारखे थर ओलांडत वाढतात. उभा आणि आडवा छापलेला टेस्ट पीस ताकदीचे वेगवेगळे आकडे देतो तो यामुळे. त्यात पातळ भिंतीभोवती सुटी पावडर, आणि पावडरमधून उष्णता नीट जात नाही. भिंत तापत राहते आणि तिची सूक्ष्मरचना शेजारच्या जाड ठोकळ्यासारखी राहत नाही. प्लेट एक, फाइल एक, तरीही!

'कापा नि थेट बसवा.' आम्ही हा शहाणपणा करून बसलोय. कंगव्यासारखा टायटॅनियमचा लांबट जॉब होता, घाई होती, स्ट्रेस रिलीफ (आतला ताण घालवायला भट्टीत तापवणं) न करता प्लेट वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणारं मशीन) चढवली. तार जसजशी दाते कापत पुढे सरकली तसतसं सुटलेलं टोक वर उचलत गेलं, तव्यावरच्या पापडासारखं. ऑपरेटर नुसता बघत राहिला. थरागणिक आकसण्याचा जो ताण प्लेटने धरून ठेवला होता, तो सुटला. आता जॉब प्लेटसकट आर्गॉन वायूच्या भट्टीत जातो, वायरकट त्यानंतर.

पण भट्टी हवी म्हणजे जुनाच चार्ट लावायचा, असंही नाही. छापलेल्या एएलएसआय१०एमजी (सिलिकॉन-मॅग्नेशियमवाल्या) ॲल्युमिनियममध्ये झटपट निवल्यामुळे सिलिकॉनची अतिशय बारीक जाळी तयार होते, ताकद तिच्यात असते. आमच्या भट्टीवाल्याने कास्टिंगचा नेहमीचा टी-६ मारला, म्हणजे ५३० अंशांच्या आसपास सोल्यूशन (मिसळलेले घटक धातूत विरघळवायला तापवणं) आणि मग एजिंग (कमी आचेवर ठेवून कडक करणं). जाळी मोडली, सिलिकॉनचे गोळे झाले आणि कडकपणा चढायचा तो उतरला. भट्टीवाला म्हणाला, 'साहेब, मशीन चेक करा.' मशीन ठीक होतं.