‘अंगठा त्यांनीच उठवला होता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवरच्या माझ्या लेखाला मी ‘दुसरी गुलामगिरी’ असं शीर्षक दिलं होतं. तुमचं म्हणणं असं की आपली माणसं करारावर स्वतः अंगठा उठवून गेली, त्यांना पगार होता, आणि इकडे कोकणात पोटाला नव्हतं. त्यांना गुलाम म्हणणं हा त्यांचाही अपमान आणि साखळदंडात नेलेल्या आफ्रिकी माणसांचाही. तुमच्या खापरपणजोबांचे भाऊ संगमेश्वरकडून मॉरिशसला गेले आणि घरी पैसे पाठवत राहिले, हेही तुम्ही लिहिलंत.

यातला दुसऱ्या अपमानाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शीर्षक लिहिताना मी तो विचार करायला हवा होता.

मॉरिशसवर फ्रेंचांचा अंमल असताना 1723 पासून ‘कोड न्वार’ नावाचा कायदा होता. त्यात मोझांबिक, मादागास्करहून आणलेला माणूस म्हणजे जंगम मालमत्ता, भांड्याकुंड्यांसारखी. तो महिनाभर पळून राहिला आणि सापडला, तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा मृत्युदंड. आणि गुलाम बाईच्या पोटी आलेलं मूल जन्मतःच मालकाचं. या शेवटच्या कलमाशी करारी मजुरीची तुलनाच होऊ शकत नाही. आपल्या माणसांचा करार पाच वर्षांचा असे, त्यांची पोरं मळेवाल्याच्या मालकीची नव्हती. त्यांनी आपली भाषा, आपले देव टिकवले. मॉरिशसमध्ये आज गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती त्यामुळेच.

पण ‘स्वतःहून गेले’ इथे मात्र मी तुमच्याबरोबर नाही. माणूस कामावर कसा लागला एवढंच विचारून भागत नाही. त्याला काम सोडता येत होतं का, हे विचारायला हवं.

मॉरिशसला गेलेल्या पहिल्या मजुरांचा पगार महिना 5 रुपये होता. म्हणजे 80 आणे. महिन्यात कामाचे 26 दिवस धरले तर दिवसाला जेमतेम तीन आणे पडतात. मळ्यावर ‘डबल कट’ नावाची पद्धत होती : एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. तीन दिवस कामावर आला नाही की सहा दिवसांचे, म्हणजे अठरा आणे गेले. पाचातला रुपया सव्वा रुपया तीन दिवसांत! आणि उरलेलाही वेळेवर हातात पडेलच असं नाही. पगार महिनोन्महिने थकवणं ही तिथली नेहमीची तक्रार होती. आपल्याकडे कोणी नोकरी सोडली तर फार तर मालक चिडतो. तिथे करार मोडणं हा फौजदारी गुन्हा होता, त्यासाठी तुरुंग होता.

करार संपला तरी सुटका नव्हती. 1867 च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. शेजारच्या मळ्यावर भावाला भेटायला निघालेला माणूस पास नसला की ‘उनाड’ ठरून कोठडीत जाई. ज्याची पाच वर्षं भरली होती, ज्याने कुणाचं देणं ठेवलं नव्हतं, त्याला ही वागणूक. याविरुद्ध 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांनी अर्ज केला. अदोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या युरोपीय माणसाने तो लिहून दिला, तर मळेवाले त्याच्याच अंगावर धावून गेले. मॉरिशस तोवर फ्रेंचांकडून ब्रिटिशांच्या ताब्यात गेलं होतं, त्यामुळे पुढच्या वर्षी चौकशीसाठी लंडनहून शाही आयोग आला. अंगठा उठवताना यातलं काय त्या माणसांना कोणी सांगितलं होतं?

आता तारखा बघा. मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1 फेब्रुवारी 1835 ला. बिहार-छोटा नागपूरकडच्या 36 मजुरांना घेऊन ‘अ‍ॅटलस’ जहाज पोर्ट लुईला लागलं 2 नोव्हेंबर 1834 ला. तीन महिने आधी! मळेवाल्यांना ठाऊक होतं की सुटलेला माणूस एकतर निघून जाईल, नाहीतर चांगला पगार मागेल. त्यांनी दोन्हींची सोय आधीच करून ठेवली. सुटलेल्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली 1839 पर्यंत जुन्या मालकाकडेच राबावं लागलं. ती संपताच बहुतेकांनी मळे सोडले, आणि त्यांच्या जागी, त्याच मळ्यांवर, आपली माणसं राहायला आली. गुलाम सुटल्याची नुकसानभरपाई मॉरिशसच्या मालकांना 20 लाख पौंडांहून जास्त मिळाली. गुलामांना एक पैही नाही.

म्हणून ‘जास्त कोणी सोसलं’ या वादात पडायला माझं मन घेत नाही. आफ्रिकी माणसाला मजुरीचा भाव मागता येऊ नये म्हणून आपला माणूस आणला गेला. दोघांचा मालक एकच होता, ऊस तोच होता. मॉरिशसने 2009 मध्ये सत्य आणि न्याय आयोग नेमला, तेव्हा गुलामगिरी आणि करारी मजुरी दोन्हींची चौकशी एकत्रच करायला सांगितली. मला ते फार योग्य वाटतं.

आणखी एक. करारी मजुरी म्हणजे नवी गुलामगिरी ठरेल ही भीती पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलेली नाही. 1840 मध्ये ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनीच ती बोलून दाखवली होती. आणि 4 मार्च 1912 ला ही पद्धत समूळ बंद करा असा ठराव कायदेमंडळात मांडला तो तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. त्यांचा युक्तिवाद तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो : अनोळखी मुलूख, अनोळखी मालक, मालक निवडण्याची मुभा नाही, आणि न समजणाऱ्या कायद्याखाली तुरुंगाची भीती. अशा कराराला करार कसं म्हणायचं? सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला. भारतातून करारी मजूर नेणं थांबायला 1917 उजाडलं.

शीर्षक मी आज बदलतो आहे. ‘दुसरी गुलामगिरी’ काढून ‘करारी मजुरी’ केलं आहे, आणि कोड न्वारबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात घातला आहे. तो तुमच्यामुळे आला, हे तिथे नोंदवलंय. ‘स्वेच्छेने गेले’ हे शब्द मात्र मी लिहिणार नाही.

तुमच्या खापरपणजोबांच्या भावाबद्दल विचारायचं होतं. त्यांनी घरी पाठवलेले पैसे तुमचं घर अजून विसरलेलं नाही, हे वाचून बरं वाटलं. प्रत्येक मजुराला मॉरिशसमध्ये उतरल्यावर एक क्रमांक मिळे आणि वहीत नाव, बापाचं नाव, गाव, जात, अंगावरच्या खुणा लिहिल्या जात. त्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. घरात जुनं पत्र, पावती, काहीही असेल आणि त्यावर असा आकडा दिसला तर जरूर कळवा. आकडा नसला तरी त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे साल पाठवा. मी तिकडे चौकशीचं पत्र लिहितो.