क्रूझवर जाताना व्हीलचेअर, पथ्य आणि अ‍ॅलर्जी लपवू नका: एका फिरत्या संदेशाला उत्तर

'आई-बाबांना क्रूझवर नेताय? हे आधी वाचा' या मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांतून फिरत आहे. त्याचा सारांश असा. कंपनीला व्हीलचेअर, मधुमेह, अ‍ॅलर्जी यांपैकी काहीही कळवू नये, कारण कळवले की बुकिंग नाकारतात किंवा जादा पैसे उकळतात. 'अपंगांची खोली' घेऊ नये, साधी खोली पुरते. जहाज प्रत्येक बंदरात धक्क्याला लागते, त्यामुळे उतरण्याची चिंता नको. खाण्याचे पथ्य बुफेमध्ये आपल्या हाताने वाढून घेतले की सांभाळले जाते. सोबत इलेक्ट्रिक केटल किंवा छोटी इंडक्शन शेगडी, मुगाच्या खिचडीचे साहित्य आणि साजूक तूप न्यावे. जहाजावर डॉक्टर मोफत असतो, म्हणून विम्यावर खर्च करू नये.

असल्या संदेशांना उत्तर देण्याच्या फंदात मी एरवी पडत नाही. परंतु हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. माझ्या मावसबहिणीने अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून निघणारी ग्रीक बेटांची क्रूझ ठरवली आहे. सोबत मावशी आहे, जिला गुडघ्यांमुळे घराबाहेर व्हीलचेअर लागते आणि जी इन्सुलिन घेते. शिवाय बहिणीचा मुलगा आहे, ज्याला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे. कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म भरायचा होता, त्याच दिवशी मावशीचा फोन आला : "फॉर्मात व्हीलचेअर लिहू नका गं, तिकीट रद्द करतात म्हणे." चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला स्वतःचे दुखणे लपवायला शिकवणाऱ्या मजकुराबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही.

सुरुवात याच पहिल्या मुद्द्यापासून करते, कारण सर्वाधिक नुकसान तोच करणारा आहे. युरोपीय संघाचा समुद्री प्रवाशांच्या हक्कांविषयीचा 1177/2010 हा कायदा 18 डिसेंबर 2012 पासून लागू आहे. क्रूझचे प्रस्थान सदस्य देशातील बंदरातून होत असेल तर तो त्या क्रूझला लागू होतो; प्रवासी कोल्हापूरचा आहे की कोपनहेगनचा, याने फरक पडत नाही. पिरेयस ग्रीसमध्ये आहे, म्हणजे मावशीच्या प्रवासाला तो लागू आहे. या कायद्याच्या सातव्या कलमानुसार केवळ अपंगत्व किंवा हालचालींवरील मर्यादा या कारणाने वाहतूक कंपनी, एजंट किंवा सहल कंपनी यांपैकी कोणालाही बुकिंग नाकारता येत नाही, आणि अशा प्रवाशाकडून तिकिटासाठी जादा पैसेही घेता येत नाहीत. वयामुळे आलेली मर्यादासुद्धा व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट आहे, म्हणजे त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेलीच व्यक्ती हवी असे नाही.

संदेशाच्या लेखकाला जे ठाऊक नाही ते यापुढे आहे. अकराव्या कलमाप्रमाणे खोली, आसन, सेवा किंवा वैद्यकीय उपकरणे यांविषयीच्या गरजा आधीपासून माहीत असतील तर त्या बुकिंगच्या वेळीच कळवणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे, आणि चढण्या-उतरण्याच्या मदतीसाठी किमान 48 तास आधी सूचना द्यावी लागते. आठवे कलम सांगते की तिकीट असलेल्या आणि आपल्या गरजा अशा रीतीने कळवलेल्या प्रवाशाला तरीही जहाजावर घेतले नाही, तर त्याला पैसे परत घेण्याचा किंवा पर्यायी प्रवासाचा हक्क आहे. म्हणजे हा हक्क ज्या पायावर उभा आहे तो पाया 'कळवणे' हाच आहे. ज्याने लपवले त्याने आपल्या हाताने आपले संरक्षण सोडून दिले. धक्क्यावर व्हीलचेअर पाहून कोणी हरकत घेतली तर दाखवायला त्याच्याजवळ एकही कागद नसेल.

संदेशाच्या या पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. सुरक्षिततेच्या नियमांमुळे, किंवा जहाजाची रचना अथवा बंदरातील सोयी यांमुळे एखाद्या प्रवाशाला सुरक्षितपणे नेणे अशक्य असेल, तर कंपनीला नकार देता येतो. तसा नकार दिल्यास कारण तत्काळ सांगावे लागते आणि मागितल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत लेखी द्यावे लागते. जादा पैशांची भीतीही आकाशातून पडलेली नाही. ह्यूस्टनहून क्रूझवर गेलेल्या अपंग प्रवाशांनी, अपंगांसाठीच्या सोयीच्या खोल्यांसाठी आपल्याकडून अधिक रक्कम घेतली गेली, अशी तक्रार केली होती आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले होते. 'स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन' या 2005 च्या निकालात न्यायालयाने, परदेशी ध्वजाखालील जहाजांनाही अमेरिकी पाण्यात अपंगांच्या हक्कांचा कायदा सर्वसाधारणपणे लागू होतो, असे ठरवले. हा हक्क ज्यांच्यामुळे मिळाला ते प्रवासी आपली गरज उघडपणे मांडून भांडले होते.

हक्कांपलीकडे जिवाचाही प्रश्न आहे. 'सोलास' या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आणीबाणीत विशेष मदत लागेल असे ज्या प्रवाशांनी सांगितले आहे त्यांची नोंद करून ती जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाला द्यावी लागते. 2012 साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडली आणि 32 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रवाशांची आणीबाणीची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घेण्याचा नियम आला. आगीच्या वेळी लिफ्टवर विसंबता येत नाही. अशा वेळी जिना उतरू न शकणाऱ्या माणसाला खुर्चीवर घालून उचलून न्यायला खलाशी ठरवून पाठवावे लागतात, आणि ते कोणत्या खोलीकडे धावणार हे त्या यादीवर अवलंबून असते. यादीत नाव नसलेली मावशी खोलीत वाट पाहत बसेल. 'काहीही कळवू नका' या सल्ल्याचा अर्थ इतका गंभीर आहे, आणि लोक तो हात जोडल्याच्या चिन्हांसह पुढे पाठवत आहेत.

साध्या खोलीचा मुद्दा मोजपट्टीने निकालात निघतो. अनेक जहाजांवर साध्या खोलीचे दार 22-23 इंचांच्या आसपास असते आणि उघडलेली सामान्य व्हीलचेअर त्याहून रुंद असते. बाथरूमच्या दाराशी पाणी अडवणारा उंच उंबरठा असतो. घडी केलेली खुर्ची बाहेर ठेवावी म्हटले, तर सुटकेचा मार्ग अडतो म्हणून कॉरिडॉरमध्ये ती ठेवू देत नाहीत. याउलट सोयीच्या खोलीला साधारण 32 इंचांचे दार, खुर्ची वळवायला पाच फुटांचे वर्तुळ आणि उंबरठा नसलेली, पकडायला दांडे आणि बसायला आसन असलेली न्हाणी मिळते. मावशीला रोज दोन वेळा मुलीच्या खांद्यावर भार टाकून आंघोळीला जावे लागणार की स्वतःचे स्वतः जाता येणार, इतका हा फरक आहे. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, म्हणून त्या लवकर सांगून ठेवाव्या लागतात. जहाजावरच्या खुर्च्या सहसा चढण्या-उतरण्यापुरत्याच मिळतात, त्यामुळे स्वतःची खुर्ची न्यावी किंवा भाड्याने ठरवावी. कंपनीच्या चुकीने खुर्ची मोडली किंवा हरवली, तर त्याच युरोपीय कायद्याखाली भरपाई मागता येते.

प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागते, हे धडधडीत खोटे आहे. ग्रीक बेटांच्या सहलीत ज्या सँटोरिनीचे फोटो पाहून लोक पैसे भरतात, तिथेच मोठी जहाजे खोल पाण्यात उभी राहतात आणि प्रवाशांना टेंडर नावाच्या छोट्या नौकांतून किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या कुशीतल्या दारातून हलत्या नौकेत पाऊल टाकावे लागते. लाट असेल तर दोन्हींमधील उंची क्षणाक्षणाला बदलते आणि खलाशी दोन्ही दंड धरूनच पुढे घेतात. जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार आहे, नाहीतर सुमारे 600 पायऱ्या. चार पावले टाकू शकणाऱ्या आणि घडीची खुर्ची वापरणाऱ्या माणसाला शांत समुद्रात हे जमू शकते. जड विजेरी खुर्चीला अनेकदा परवानगीच मिळत नाही. पिरेयस, ऱ्होड्स किंवा तुर्कस्तानातील कुशादासी येथे मात्र जहाज धक्क्याला लागते आणि फळीवरून खुर्ची ढकलत उतरता येते. म्हणून बुकिंगपूर्वी मार्गपत्रिकेतील प्रत्येक बंदरासमोर 'धक्का' की 'टेंडर' हे लिहून घ्यावे. सँटोरिनीला मावशी डेकवरून काल्देराचा, म्हणजे ज्वालामुखीच्या विवराचा, कडा पाहत बसली तरी तिचा दिवस वाया जाणार नाही, परंतु तो निर्णय तिने घरी बसून घेतलेला असावा. ऐनवेळी दारातून परत पाठवल्यामुळे तो तिच्यावर लादला जाऊ नये. आणि खुर्चीवरच्या माणसाने उतरूच नये असेही कोणी समजू नये, कारण अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर 2020 च्या डिसेंबरपासून नवी लिफ्ट आहे आणि व्हीलचेअर चालेल असे मार्ग केले आहेत.

जेवणाबद्दल एक गोष्ट मान्य आहे. मोठ्या जहाजांवर शाकाहारी आणि भारतीय पदार्थ बरेच मिळतात, मधुमेही माणसाची आबाळ होत नाही. परंतु 'बुफेमध्ये आपल्या हाताने वाढून घ्या' हा सल्ला अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या आईला देणे हा बेजबाबदारपणा आहे. बुफेवर एकाच ओळीत पंधरा-वीस पदार्थ असतात आणि घाईतला माणूस शेंगदाण्याच्या सॉसमधला डाव सहज शेजारच्या नूडल्समध्ये ठेवतो. तो डाव नंतर कोणी उचलला हे सांगता येत नाही, आणि ज्या मुलाला दाण्याच्या कुटाच्या कणानेही ओठ सुजण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत त्रास होतो, त्याला तेवढे पुरते.

याची योग्य रीत ठरलेली आहे आणि ती अजिबात अवघड नाही. अ‍ॅलर्जी फॉर्मात लिहायची, कंपनीच्या विशेष गरजा विभागाकडून लेखी उत्तर घ्यायचे, आणि पहिल्या संध्याकाळी बुफे टाळून बैठ्या जेवणाच्या दालनात मुख्य वाढप्याला भेटायचे. बहुतेक जहाजांवर तो दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची यादी आदल्या रात्रीच टेबलावर आणतो, त्यातून निवडलेला पदार्थ स्वयंपाकघरात वेगळा केला जातो आणि त्या टेबलाला त्याच वाढप्याकडून रोज ओळखीने जेवण मिळते. शंभर टक्के हमी कोणतीही कंपनी देत नाही, म्हणून अ‍ॅलर्जीचा तीव्र झटका आल्यास लगेच टोचायचे, डॉक्टरांनी दिलेले एपिनेफ्रिनचे इंजेक्शन खिशात असलेच पाहिजे, खोलीतल्या तिजोरीत नव्हे. किनाऱ्यावर ग्रीसमध्ये जेवायचे असेल तर युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमानुसार खानावळींनाही शेंगदाणे आणि तीळ यांच्यासह 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, ती बेधडक विचारावी. आणखी एक, आपल्या घरच्यांसाठी : काकू-मामींनी सोबत आणलेल्या चिवड्यात आणि लाडवात शेंगदाणे असतात, आणि ते डबे त्याच मुलाच्या शेजारी उघडले जातात.

जैन पथ्य पाळणाऱ्यांनी 'व्हेज' एवढाच शब्द वापरू नये. अंडी, कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे चालत नाहीत, असे पदार्थांची नावे घेऊन आणि बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावे.

इंडक्शन आणि केटलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आगीच्या धोक्यामुळे क्रूझ कंपन्या अशी उपकरणे खोलीत नेऊ देत नाहीत. सामान तपासताना ती काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत करतात. तुपाचा सल्ला तर थेट नियमाविरुद्ध आहे, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या सामान्य प्रवाशाला दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. साजूक तुपाची बरणी आणि पेढे विमानतळावरच जातील.

डॉक्टर जहाजावर असतो, पण तो मोफत नसतो. तपासणीचे आणि औषधांचे पैसे खोलीच्या बिलात चढतात, आणि गंभीर आजारी माणसाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असतो. विमा घ्यावा आणि त्यात मधुमेहासह जुने आजार लिहावेत, कारण लपवलेल्या आजाराचा दावा कंपनी फेटाळू शकते. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच असावे. विमानाच्या मालकक्षात ते गोठू शकते, आणि बंदरावर हमालाच्या स्वाधीन केलेली मोठी बॅग खोलीत पोहोचायला संध्याकाळ होते. खोलीतला मिनीबार अनेकदा पुरेसा थंड नसतो, म्हणून औषधांसाठीचा फ्रीज आणि सुया टाकायचा डबा आधी मागून ठेवावा.

माझ्या बहिणीने फॉर्म भरला आहे. त्यात व्हीलचेअरची रुंदी आणि वजन, इन्सुलिन, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि मावशी चार पावले आधाराने चालू शकते पण जिना उतरू शकत नाही, हे सगळे लिहिले आहे. सँटोरिनीला टेंडरमध्ये घडीची खुर्ची घेतात का, सोयीची खोली लिफ्टपासून किती अंतरावर आहे आणि आणीबाणीत मावशीला न्यायला कोण येणार, हे तीन प्रश्न तिने बुकिंग क्रमांकासह ईमेलने विचारले असून त्यांचे उत्तर लेखी मागितले आहे. उरलेली रक्कम ती उत्तर आल्यावरच भरणार आहे.