पंचवीस डॉलरचा वायदा आणि पंधराशे रुपये

लाडकी बहीणवरून घरच्या ग्रुपवर परत जुंपलीये. काका म्हणतात फुकट पैसे वाटून राज्य भिकेला लावलं, मामेबहीण म्हणते पंधराशे रुपयांनी तुमच्या पोटात का दुखतंय, आणि निवडणुकीत कबूल केलेल्या २१०० चं काय झालं हे मात्र कोणीच धड विचारत नाही. मी इथे कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीत बसून हे वाचतो आणि मला इथलाच एक जुना हेडमास्तर आठवतो.

विल्यम एबरहार्ट. आठवडाभर शाळा आणि रविवारी रेडिओवर बायबलचं प्रवचन, तेही १९२५ पासून, लोक त्याला बायबल बिल म्हणायचे. मग मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, वर दुष्काळ, शेतकरी कर्जात बुडालेला. १९३२ मध्ये या माणसाच्या हाती मेजर डग्लस नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरची सोशल क्रेडिट थिअरी लागली. थिअरी अशी की मजुरी, पगार, नफा म्हणून लोकांच्या हातात जेवढा पैसा येतो त्यापेक्षा मालाची किंमत कायम जास्तच असते कारण तिच्यात कच्चा माल, बँकेचं देणं असं सगळं धरलेलं असतं, मग तो माल लोक घेणार कशातून? तर ही तूट सरकारने लोकांना डिव्हिडंड, म्हणजे थेट पैसे, देऊन भरायची. (कच्च्या मालाचा पैसाही फिरून कोणाच्या तरी पगारातच जातो, ही चूक अर्थशास्त्रवाल्यांनी तेव्हाच दाखवली होती. पण उपाशी माणसाला कोण समजावणार.)

झालं, प्रवचनात बँकवाल्यांचा उद्धार सुरू झाला. प्रत्येक सज्ञान माणसाला महिना २५ डॉलर देऊ म्हणाला आणि ऑगस्ट १९३५ मध्ये अल्बर्टाच्या विधानसभेत ६३ पैकी ५६ जागा त्याच्या पक्षाला. आधीचं शेतकऱ्यांचं सरकार थेट शून्यावर!

२५ डॉलर काही आले नाहीत, चलन आणि बँका केंद्राच्या हातात, प्रांत देणार कुठून. १९३६ मध्ये त्याने स्वतःची सर्टिफिकेटं काढली, एका डॉलरच्या कागदावर दर आठवड्याला एक सेंटचं तिकीट विकत घेऊन चिकटवायचं, नाहीतर तो चालणार नाही, म्हणजे लोक पैसा दाबून न ठेवता पटापट खर्च करतील अशी आयडिया. दुकानदारांनी नाकं मुरडली, थोड्याच महिन्यांत प्रकार गुंडाळला. त्याच वर्षी प्रांताने कर्जरोखेही बुडवले.

पण मला खरी भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. पेपरवाले टीका करतात म्हणून १९३७ मध्ये विधानसभेत बिल पास केलं की सरकारने पाठवलेला खुलासा छापायचा आणि बातमी कोणी दिली ते विचारलं की सांगायचं. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९३८ मध्ये ते उडवलं. आणि आमदाराला मधेच परत बोलवायचा हक्क लोकांना यानेच कायद्याने दिला होता, त्याच्याच मतदारसंघात सह्या गोळा व्हायला लागल्यावर तो कायदाच रद्द केला, तोही मागच्या तारखेपासून. धन्य.

तरी लोकांनी पक्ष सोडला नाही. १९४३ मध्ये एबरहार्ट गेला, त्याचाच चेला अर्नेस्ट मॅनिंग आला, २५ वर्षं मुख्यमंत्री, प्रवचनं चालूच. १९४७ मध्ये अल्बर्टातल्याच लेडुकला तेल लागलं, तिजोरी भरली आणि चलन बदलायचं खूळ आपोआप मागे पडलं. १९५७ मध्ये खरंच चेक वाटले, २० डॉलरचे, पण ते तेलाच्या पैशातून, थिअरीतून नव्हे. १९७१ पर्यंत पक्षाची सत्ता होती!

आता काकांना माझं म्हणणं एवढंच की पैसे वाटल्याने माणूस आळशी होतो हा वाद जरा बाजूला ठेवा. इथल्या आपल्याच लोकांच्या खात्यात पोरांसाठी दर महिन्याला सरकारचा चाइल्ड बेनिफिट येतो, बंगलेवाल्यांच्याही, तो कोणी परत पाठवल्याचं मी तरी ऐकलं नाही, आणि हीच मंडळी व्हॉट्सॲपवर गावच्या बायकांना फुकटे म्हणतात. पंधराशे रुपये निदान बजेटमधून तरी येतात, म्हणजे हिशोब मागता येतो, कुठलं खातं कापलं, २१०० कधीपासून, कोणाची नावं का गळली. एबरहार्टला हे विचारणं अवघड होतं कारण श्रोत्यांना तो आधी प्रवचनकार होता, मुख्यमंत्री नंतर. त्यामुळे आपल्याकडे व्यासपीठावर महाराजांच्या शेजारी बसून कोणी नव्या योजनेची घोषणा केली की माझं लक्ष रकमेकडे नंतर जातं.