सणाचा खर्च आणि चार किलो गहू

माझे चार किलो गहू आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी खाल्ले. किलोला 48 प्रमाणे 192 रुपये झाले. पेसाह या आमच्या ज्यू सणाच्या आठ दिवसांपायी यंदा माझा खिसा इतका साफ झालाय की 192 रुपयांचं काही वाटायला नको. पण नेमके तेच टोचतायत.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. आडनावाला 'कर' असलेले, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. पेसाहला आजी 'अनाशी ढाकाचा सण' म्हणायची. आंबटाचं भांडं आठ दिवस झाकून ठेवायचं. नाव ऐकून वाटेल, एका झाकणात सण उरकतो. प्रत्यक्षात घराला सफेदी, तांब्यापितळेला कल्हई, आंबणारं-फुगणारं सगळं घराबाहेर. आजीच्या काळी कल्हईवाला आरोळी देत दारात यायचा. यंदा हिने तो फोनवर शोधला. त्याने नुसती भांडी बघायचे 200 रुपये घेतले. पातेली बघितली आणि म्हणाला, "स्टील का नाही घेत?" हा सल्लाही त्या 200 मध्येच.

त्यात सण येतो हनुमान जयंतीच्या आगेमागे, दोघांची पौर्णिमा बहुतेकदा एकच. म्हणजे कधी मार्चअखेरचे हिशेब डोक्यावर, आणि हटकून वर्षाचे गहू भरायचे दिवस. अख्खं ठाणं गहू घरात आणत असतं तेव्हा आम्ही बाहेर काढत असतो. कणीक, रवा, मैदा, शेवया, बिस्किटं असं सगळं मी वॉचमनला द्यायला गेलो, तर तो म्हणाला, "गहू गावाहून येतो साहेब. तांदूळ असेल तर बघा." तांदूळ आम्हालाच लागत होते. आठ दिवस तांदळाच्या भाकऱ्यांवर काढायचे होते.

आणि अशात एका संध्याकाळी सेक्रेटरी काका वही घेऊन दारात. सिहोर गव्हाचा टेम्पो येणार होता.

"किती लिहू? पन्नास?"

"आत्ता नको काका. सण आहे. घरात गहू चालत नाही."

"म्हणजे शुगर."

"शुगर नाही हो. सण."

"कोणी बंद केला गहू?"

"मोशेने," मी वैतागून आमच्या प्रेषिताचं नाव घेतलं.

"बसतात कुठे? नौपाड्यात?"

मी गप्प बसलो. हीच चूक झाली, कारण त्यांची नजर माझ्या हातातल्या खोक्यावर गेली.

"हे काय?"

"मात्झा. बेखमीर भाकर."

"कशाची?"

खोटं बोलायचं असेल तर हाच क्षण होता. "गव्हाची."

काकांनी वही मिटली. चष्मा काढून पुसला. मी त्यांना समजावलं की पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत भाजून झालं पाहिजे, म्हणजे पीठ आंबत नाही. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, पळताना पूर्वजांना पीठ फुगायची वाट बघायला सवड नव्हती.

"आणि एकोणिसाव्या मिनिटाला?"

"मग नाही चालत."

"आमची ही तर एक पोळी दोन मिनिटांत करते."

"पण काकू कणीक मळून झाकून ठेवतात ना?"

"ठेवायलाच लागते. नाहीतर पोळी मऊ कशी येणार?"

"तेच तर! आम्हाला मऊ चालत नाही."

काकांनी खोकं हातात घेऊन कानाजवळ हलवलं. "केवढ्याला?"

"साडेसहाशे."

"स्टेशनजवळ खाकरा मिळतो," ते अतिशय हळुवारपणे म्हणाले. "मेथी घातलेला."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिघांनी माझ्या शुगरची चौकशी केली. तिसऱ्या मजल्यावरून कारल्याचा रस आला, भरलेली बाटली. रोज पाठवतो म्हणाले.

हसा तुम्ही. पण मूठभर माणसांच्या सणाला दुकान नसतं, सेल नसतो, बोनस नसतो. लेट्यूसची जुडी फॅन्सी भाजीवाल्याकडून, खजूर आणि सरबताच्या काळ्या मनुका सुक्या मेव्याच्या भावाने, आणि मात्झा तर ओळखीपाळखीने. 2016 साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. ते आम्हाला दर वर्षी बिल बघून कळतच होतं. त्यात इस्राएलमधल्या अश्दोदहून भाच्याचा फोन, "मामा, आमच्याकडे सातच दिवस." खरंच आहे. जुन्या काळी चंद्र दिसल्याची बातमी दूरदेशी वेळेवर पोचायची नाही, म्हणून इस्राएलबाहेरच्यांनी एक दिवस जास्तीचा पाळायचा. आता चंद्राची वेळ मोबाईलवर मिनिटासकट कळते, आणि आठव्या दिवसाचा मात्झा मी अजून विकत घेतोय.

सणाच्या आदल्या दिवशी दारात पन्नास किलोचं पोतं. काकांनी माझं नाव लिहिलंच होतं. "शुगर असली तरी पाहुणे येतात की!" कोरड्या धान्याला हरकत नाही असं मी हिला सांगून बघितलं. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग जुनी वाट धरली: परधर्मीयाला विकून टाकायचं, सण झाला की परत घ्यायचं. पोतं मी काकांना एक रुपयाला विकलं. काका सेक्रेटरी आहेत, त्यांनी पावती मागितली. मी ती सहीनिशी दिली.

आठ दिवसांनी पोतं परत आलं ते 46 किलो.

"चार किलो कुठे गेले?"

"दळून आणले. छान आहे गहू, पोळी मऊ येते."

"काका, गहू माझा होता!"

त्यांनी खिशातून पावती काढली. घडीसुद्धा मोडली नव्हती. "आठ दिवस माझा होता. आता परत घेताय ना? रुपया द्या."

मी दिला. पावती मागितली तर म्हणाले, बुक संपलंय. आणि जाता जाता विचारलं, "मग? आली का शुगर आटोक्यात?"